पाव मिलीमीटर

हॉस्टेलमध्ये मला ‘ट्रक’ म्हणतात. माझं गाव तळेगाव (श्यामजी पंत), नागपूर-अमरावती महामार्गावरचं, त्यामुळे नाव शोभूनही दिसतं. पण खरं कारण वेगळं आहे. मी रात्रभर घोरायचो. पहिल्याच वर्षी दोन रूममेट रूम बदलून गेले. तिसरा मात्र टिकला. एका रात्री त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी मेसमध्ये सर्वांना ऐकवलं. सगळे हसले, मीही हसलो. नंतर तो बाजूला घेऊन म्हणाला, “अबे, घोरण्याचं जाऊ दे. तू मधेच थांबून राहिला. घड्याळ लावून पाहिलं मी, बारा सेकंद श्वासच नाही.”

मग मात्र हसू आलं नाही.

लहानपणापासून मी तोंडानेच श्वास घेत आलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचा जबडा अरुंद आहे. टाळू म्हणजे तोंडाचं छत, पण तीच नाकाची जमीन. खालचं छत अरुंद, म्हणून वरची खोलीही अरुंद! शिवाय जिभेला जागा अपुरी, म्हणून ती मागे घशाकडे सरकते. लहान मुलांच्या टाळूचा मधला सांधा कच्चा असतो, तो नुसत्या स्क्रूने रुंद करता येतो. एंजेल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८६० मध्येच हे लिहून ठेवलंय. माझ्या वयात सांधा पक्का झालेला, म्हणून आधी शस्त्रक्रियेने हाड सैल करायचं आणि मग स्क्रू फिरवायचा.

मी लगेच फ्लुइड मेकॅनिक्स काढलं. पॉइझेलच्या नियमाने नळीची त्रिज्या दहा टक्के वाढली तर रोध जवळपास एक तृतीयांश कमी! डॉक्टर हसले. “नाक म्हणजे गोल पाइप नाही. नाकाची वाट मोकळी होईल, हे बहुतेक नक्की. घोरणं थांबेलच, असं मी लिहून देणार नाही. घसा वेगळा आणि त्यावर किती परिणाम होईल ते माणसागणिक बदलतं.”

घरी आई म्हणाली, “बाप्पा! दातासाठी कोनी हाडं कापते का?” बाबा काहीच बोलले नाहीत. आंबिया बहाराचे पैसे आले, त्यातून बोअरची मोटर घ्यायची होती. ती राहिली. दिवाळीच्या सुटीत माझं ऑपरेशन झालं.

सात दिवस थांबून स्क्रू फिरवायला सुरुवात केली. सकाळी एक टर्न, संध्याकाळी एक. एका टर्नला पाव मिलीमीटर, म्हणजे दिवसाला अर्धा. चौदा दिवसांत सात मिलीमीटर. शेवटचे पाच दिवस हॉस्टेलमध्ये गेले. मला आरशात भोक दिसेना, तेव्हा रूममेटच मोबाईलचा टॉर्च लावून किल्ली फिरवायचा. “तोंड उघड बे ट्रक, सर्व्हिसिंग!” समोरच्या दोन दातांत ही मोठी फट पडली. व्हायवाला सर उत्तरापेक्षा फटीकडेच जास्त बघत होते. पण फट पडणं हीच हाड सरकल्याची खूण. मधल्या जागेत नवं हाड भरेपर्यंत स्क्रू काही महिने तसाच ठेवायचा, आणि दात तारेने जवळ आणायचे.

आता खरं सांगतो. घोरणं पूर्ण गेलेलं नाही. उताणा झोपलो की आवाज येतो, कमी येतो एवढंच. श्वास पुन्हा थांबतो का, हे बघायला झोपेची तपासणी परत करायची आहे. पण सकाळी तोंडाला कोरड नसते आणि पहिल्या तासाला झोप येत नाही.

जानेवारीच्या शेवटी घरी गेलो तेव्हा संत्र्याला फुलं आली होती. बाबांबरोबर बागेत फिरताना लक्षात आलं, माझं तोंड बंद आहे. बाबांनी विचारलं, “येते का वास?” म्हटलं, “येते.” ते मोटरविषयी काही बोलले नाहीत, मीही नाही.

तर मित्रांनो, रूममेट घोरत असेल तर उशी जरूर फेकून मारा. पण त्याआधी एकदा घड्याळ लावून त्याचा श्वास मोजा.