नखाएवढी शिंपली, केवढा तिचा व्याप!

बालमित्रांनो, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला कधी गेलात का? संत जनाबाईंचं हे गाव. इथले लोक गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की काठावरच्या वाळूत नीट बघत चाला. नखाएवढी, फुगीर, अंगावर कमानीसारख्या बारीक रेघा असलेली एखादी शिंपली सापडू शकेल. तिच्या कुळीचं नाव कॉर्बिक्युला. दख्खनच्या नद्यांत ही कुळी पूर्वापार राहते.

पण तिची पूर्व आशियातली बहीण मोठी उपद्व्यापी निघाली, बरं का! १९३८ साली ती अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी आढळली. चीनहून गेलेल्या लोकांनी खाण्यासाठी ती सोबत नेली असावी, असं मानतात. पुढे कॅलिफोर्नियाच्या कालव्यांत तिचे थर साचले, शेतीचे पाइप तुंबले. १९८० मध्ये तर आर्कन्सा राज्यातल्या अणुवीज केंद्राचा एक संच बंद करावा लागला. थंड पाण्याच्या नळ्यांत शिंपल्याच शिंपल्या!

तुम्ही विचाराल, पाइपाच्या तोंडाला जाळी असते ना? असते. पण आईच्या शिंपल्यातून बाहेर पडणारं पिल्लू असतं जेमतेम पाव मिलिमीटरचं! ते जाळीतून अलगद आत जातं आणि पाण्यातले सूक्ष्म कण खाऊन पाइपातच मोठं होतं. शिवाय ही शिंपली एकटीच वंश वाढवू शकते. म्हणजे एक पोहोचली तरी पुरे!

पाइप तुंबणं म्हणजे काय, हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. कालव्याचं पाणी ठिबकला देण्याआधी तो ते फिल्टरमधून गाळून घेतो. शेवाळ किंवा गाळ अडकला, की पुढची झाडं तहानलेली! फिल्टर धुतला की काम भागतं. पण पाइपात शिरून वाढणाऱ्या जिवाला काय करणार?

म्हणूनच घरच्या काचपेटीतले मासे, गोगलगायी, शिंपल्या नदीत सोडू नका. ‘बिचारे मोकळे होतील’ असं वाटतं खरं. पण दक्षिण अमेरिकेतला, शोभेसाठी आणलेला सकर मासा आज उजनी जलाशयात कोळ्यांची जाळी फाडतो आहे. काचपेटी नको झाली, तर दुकानदाराला नाहीतर मित्राला द्या.

आणि गंगाखेडची ती शिंपली? रिकामी असेल तर खुशाल खिशात घाला. जिवंत असेल, तर उचलली तिथेच ठेवा. ती तिच्या घरी आहे.