पाखरांवर घर चालतं का?

पिंजऱ्यातले पक्षी वाढवून आणि विकून घर चालतं का? गेल्या दीड-दोन वर्षांत हा प्रश्न मला तिघांनी विचारलाय. मी पक्ष्यांमधला जाणकार वगैरे अजिबात नाही. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर आयुष्य गेलं, त्यामुळे बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणाला नवा जोडधंदा सुचला की तो आकडे घेऊन आमच्यासमोर येऊन बसायचा. शेळ्या, रेशीम, शेडनेटमधली ढोबळी मिरची, सगळं पाहून झालंय. आता निवृत्त झालो तरी लोकांची सवय जात नाही. पहिले दोघे नुसते ओळखीचे होते, तिसरा निघाला सख्खा भाचा. "मामा, लोन होईल का?" मग मात्र वही-पेन घेऊन बसावं लागलं.

भाचा इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या जवळ राहतो. बारामती एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे, हातात १७ हजार येतात. दीड एकर ऊस. घरात बायको, चार वर्षांची मुलगी आणि माझी ताई. घरामागे पत्र्याची शेड आहे, तीत ४० जोड्या बजी आणि १५ जोड्या कॉकटेल. (आपल्याकडे बजीलाच सगळे 'लव्हबर्ड' म्हणतात. खरा लव्हबर्ड वेगळा, तो आफ्रिकेतला. बजी आणि कॉकटेल दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले.) दोन जोड्यांच्या छंदातून इथवर आलाय. आता नोकरी सोडून हेच पूर्णवेळ करायचं त्याच्या मनात आहे.

त्याचा हिशोब असा होता. एक जोडी वर्षाला चार वेळा अंडी देणार, दर वेळेला पाच पिल्लं. म्हणजे बजीची ८०० आणि कॉकटेलची ३००. दुकानात बजीची जोडी ५०० ला आणि कॉकटेलची ३००० ला मिळते. म्हणजे दोन लाख अधिक साडेचार लाख, एकूण साडेसहा. महिन्याला पन्नास हजारांच्या वर! कुठल्यातरी व्हिडिओत हेच गणित फळ्यावर मांडून दाखवलेलं होतं म्हणे.

आता गंमत बघा. गाय वर्षाला किती दूध देईल, भाकड काळ किती, वासरू जगेल की नाही, हे आमच्या भागातलं शेंबडं पोर सांगेल. त्याच घरातला मुलगा पाखरांच्या बाबतीत मात्र वेत मोजताना भाकड काळ धरतच नाही!

बजीची मादी एकाआड एक दिवस अंडं घालते, साधारण चार ते सहा. १८ दिवसांत पिल्लू निघतं आणि महिना-पाच आठवड्यांनी मडक्याबाहेर येतं. कागदावर चार वेळा बसतं हे खरं. पण तशी काढत राहिली की मादी खंगते, अंडं अडकून मरते. त्यातून आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या पुढे, वर पत्रा. अंड्यातच पिल्लं मरतात. खरा हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. भाच्याला म्हटलं, व्हिडिओ राहू दे, गेल्या वर्षी तुझ्या शेडमधून प्रत्यक्ष किती पिल्लं विकायला निघाली ते सांग. पठ्ठ्याने तारखा लिहून ठेवल्या होत्या, हे त्याचं कौतुक. जोडीमागे सरासरी दोन वेळा, आणि दर वेळेला तीन पिल्लं. म्हणजे बजी २४०, कॉकटेल ९०.

भावाचंही तसंच. जोडीला ५०० हा दुकानातल्या पाटीवरचा भाव झाला. दुकानदार भाच्याकडून बजी घेतो १५० ला नग आणि कॉकटेल ९०० ला. म्हणजे ३६ हजार अधिक ८१ हजार, एक लाख १७ हजार. त्यातून खाणं. बजी दिवसाला आठ-दहा ग्रॅम राळा खाते, ऐकायला काहीच नाही. पण ८० मोठ्या बजी, त्यांची पिल्लं, कॉकटेलचं सूर्यफुलाचं बी, बाजरी, सगळं धरून महिन्याला चार हजार. वर्षाचे ४८ हजार गेले. औषधं, कॅल्शियम, वीज, पुण्याच्या खेपा आणि मेलेल्या जोड्यांच्या जागी नव्या जोड्या, याचे १५ हजार. उरले ५४ हजार. महिन्याला साडेचार हजार रुपये.

त्यातही बजीचं वेगळं काढलं तर लक्षात आलं की ४० जोड्या जवळजवळ स्वतःच्या खाण्यापुरतंच कमावतात. जे काही उरतं ते कॉकटेलचं.

भाचा काही लगेच गप्प बसणारा नाही. म्हणाला, "मामा, पक्षी वाढवले की वाढेल ना! १५ च्या ६० करू." साठ करता येतील. शेड वाढेल, कर्जही कदाचित होईल. पण माझा प्रश्न दुसराच होता. हे पक्षी शेवटी घेतं कोण?

उसाला कारखाना आहे. भवानीनगर असो, माळेगाव असो, एफआरपीवरून कितीही भांडणं झाली तरी शेवटी साखर कुणाच्या तरी चहात जाते. दुधाला फॅटचा दर आहे. कोंबडीचं तर विचारूच नका. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. कोंबड्या पुरल्या, लोकांनी चिकन सोडलं, पोल्ट्रीवाले बसले. पण पुढे लोक पुन्हा खायला लागलेच, आणि खाणारा दर आठवड्याला परत येतो. बजीचं तसं नाही. एकदा घेतली की नीट सांभाळली तर पाच-सात वर्षं जगते. म्हणजे ज्याच्याकडे समाधानाने जोडी आहे, ते गिऱ्हाईक पुढची पाच वर्षं तुमच्याकडे फिरकणारच नाही!

मग भाच्याला म्हटलं, गेल्या वर्षीची गिऱ्हाइकं आठव. दुकानदार सोडून थेट ज्यांनी नेले ते. त्याने बोटं मोजली. लहान मुलांसाठी नेणारे थोडे, तेही एकेक जोडी. बाकी सगळे पाच जोड्या, दहा जोड्या नेणारे. ते कशासाठी? तर त्यांनाही पिल्लं काढून विकायची होती.

इथे माझ्या डोक्यात इमू उभा राहिला. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. २००० नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडे इमूचं काय वारं होतं! रस्त्याच्या कडेला जाळीच्या कुंपणात ते उंच पक्षी फिरायचे. मांस, तेल, कातडी, पिसं, सगळ्याला मागणी आहे असं सांगायचे. प्रत्यक्षात इमू विकत घ्यायचा तो नवीन इमू पाळणारा. तोपर्यंत जोडीला सोन्याचा भाव. नवीन माणूस यायचा थांबला आणि खेळ संपला. २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराईची सुसी इमू फार्म्स बुडाली तेव्हा पेपरभर बातम्या होत्या. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही त्या पक्ष्यांना खायला घालणं परवडेना. त्यानंतर २०१९ ला इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण. पिल्लं आम्हीच देणार, अंडीही आम्हीच परत घेणार, असं ते होतं. दोन्हीकडे पक्ष्याचा काही दोष नव्हता. कडकनाथ तर खायची कोंबडी, तरी बुडाली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही बरं का. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीअभ्यासकाने १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून जिवंत बजी इंग्लंडला आणली. पुढे युरोपात निळ्या, पिवळ्या रंगाच्या निघाल्या. १९२० च्या दशकात जपानमध्ये निळ्या बजीचं असं वेड आलं की भाव आकाशाला भिडले. युरोपातल्या लोकांनी मिळेल त्या जागेत बजी वाढवल्या. मग वेड ओसरलं आणि भाव धाडकन खाली. आज तीच निळी बजी भाच्याच्या शेडमध्ये १५० रुपयांत आहे.

भाच्याची तुलना इमूशी करणं जरा अन्यायाचं आहे, हे मला कळतं. इथे कुणी कुणाला फसवत नाही. बजीला आणि कॉकटेलला खरंखुरं घरगुती गिऱ्हाईक आहे, फक्त ते थोडं आहे आणि पुण्या-मुंबईला आहे. तिथपर्यंत थेट पोचणाऱ्यांचं बरं चालतं. पिल्लू लहानपणीच मडक्यातून काढून हाताने भरवायचं, म्हणजे ते माणसाळतं, खांद्यावर बसतं. अशा कॉकटेलला दुप्पट भाव मिळतो. काही जण कॉनूर, फिशर लव्हबर्ड असे महागडे पक्षी करतात. पण तिथे कागदपत्रं नीट लागतात. हे पक्षी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनी 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी आली. पिल्लू झालं, मेलं, दुसऱ्याकडे गेलं, सगळं कळवायचं. बजी आणि कॉकटेल त्या यादीत नाहीत. आणि आपला हिरवा पोपट, मुनिया यांचा तर नादच नको. त्यांना पाळणं-विकणं सरळ गुन्हा आहे. तरी भाच्याला आठवड्यातून एक फोन येतोच, "बोलणारा पोपट मिळेल का?"

यात बारामतीतला एक माणूस मात्र मला निवांत दिसला. त्याचं दाण्या-पिंजऱ्यांचं दुकान आहे. राळा, मडकी, पेट्या, जाळ्या. लग्न कुणाचंही असो, मांडववाल्याचे पैसे ठरलेले! स्वतः एकही पक्षी पाळत नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, मला धुळीची ॲलर्जी आहे."

आणखी एक सांगायचं राहिलं. भाच्याच्या घरापासून थोड्या अंतरावर उजनीचं पाणी. हिवाळ्यापासून तिथे रोहित येतात, गुलाबी रेघच्या रेघ. भादलवाडीच्या तळ्यात बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात. कुंभारगाव, डिकसळची मासेमारी करणारी मंडळी आता होड्यांमधून लोकांना पक्षी दाखवतात, घरी माशाचं जेवण करून घालतात. भाच्याच्या वर्गातला एक जण हेच करतो. हंगाम चार-पाच महिन्यांचा, उरलेलं वर्ष मासे. तो भाच्याला चिडवतो, "माझ्या पाखरांना राळा लागत नाही." भाच्याला हे बोलणं आवडत नाही. त्याला पक्षी हातात घ्यायला आवडतात, आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला बाहेर सोडलं तर ती इथे दोन दिवस जगणार नाही.

आमचा हिशोब चालला होता तेव्हा ताई दारात बसून निवडत होती. मध्येच म्हणाली, "माझं लिहिलं का त्यात?" आम्ही दोघं बघतच राहिलो. भाचा सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसला जातो. ट्रे काढणं, पाणी बदलणं, मोड आलेली कडधान्यं घालणं, उन्हाळ्यात गोणपाट भिजवणं, सगळं ताई आणि सूनबाई करतात. हाताने भरवायची पिल्लं असली की दर दोन-तीन तासांनी सिरिंज घेऊन सूनबाई उठते, रात्रीसुद्धा. बँकेतल्या माझ्या सगळ्या वर्षांत दुधाच्या, कोंबड्यांच्या कितीतरी प्रकल्प अहवालांवर सह्या केल्या, 'घरची मजुरी' हा रकाना भरलेला क्वचितच दिसला.

भाच्याने दिवसाचे १०० रुपये धरले. दोघींचे मिळून. (शेतात खुरपायला गेल्या तरी एकीलाच याहून जास्त मिळतील, पण असो.) ५४ हजारांतून ३६,५०० वजा झाले. उरले साडेसतरा हजार. वर्षाचे.

नोकरी सोडायचं सध्या तरी राहिलंय. त्याने कॉकटेल ठेवायच्या ठरवल्या आणि बजी सगळ्या काढल्या. त्यातल्या ३० जोड्या एकट्या दौंडकडच्या मुलाने नेल्या, वय असेल बावीस-तेवीस. खोक्यांना भोकं पाडून, सुतळीने बांधून मोटरसायकलवर चढवली. भाच्याने प्रामाणिकपणे त्याला वहीच्या त्या पानांची झेरॉक्स दिली, नीट वाच म्हणाला. मुलाने घडी करून खिशात ठेवली, गाडीला किक मारली आणि विचारलं, "दादा, कॉकटेल कधी काढणार विकायला?"