गुहेतून बाहेर

मराठी मजकूर जपानीत नेताना ‘फूस लावली’, ‘भुलवून नेलं’ अशा जागी माझी लेखणी हमखास थांबते. शब्दकोशात पाच-सहा क्रियापदं शेजारी शेजारी असतात, पण वाक्यात त्यांतलं एकच बसतं.

मी आधी हेतू बघते. ‘सासोउ’ म्हणजे ‘चल’ म्हणणं, चहाला, सिनेमाला. त्यात खोट नाही. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टीलाही जपानीत हेच क्रियापद लागतं. पुढे ‘दासु’ जोडलं, की बोलावून बाहेर काढणं: ‘सासोइदासु’. ‘ओबिकिदासु’त मात्र डाव असतो, लपलेल्या गुन्हेगाराला पोलीस आमिष दाखवून बाहेर काढतात, तसा. त्याचंच ‘ओबिकियोसेरु’ केलं की आपण सापळा लावणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो, सावज आपल्याकडे येऊ लागतं. दुसऱ्या कंपनीचा माणूस फोडला तर ‘हिकिनुकु’. शेतातला मुळा उपटतात तेही हेच. आणि मूल फूस लावून पळवलं तर ‘यूकाइ’. जपानी दंडसंहितेच्या २२४व्या कलमात हा शब्द जबरदस्तीच्या ‘ऱ्याकुशु’हून वेगळा मांडलाय.

हा सगळा हिशेब मला ‘कोजिकी’तल्या कथेपाशी पुरत नाही. इ. स. ७१२मधला हा जपानी ग्रंथ. सूर्यदेवी आमातेरासु घाबरून गुहेत जाऊन बसते, जग अंधारतं. उझुमे ही देवी पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत नाचते, देव खदखदून हसतात. एवढा आनंद कशाचा, असं आमातेरासु आतून विचारते. तुझ्याहून थोर देवता आलीय, उझुमे सांगते, आणि आरसा पुढे धरला जातो.

हे सरळसरळ खोटं आहे. व्याख्येवर बोट ठेवलं तर ‘ओबिकिदासु’च म्हणायला हवं. तरी माझा हात तिकडे जात नाही. त्या क्रियापदात बाहेर येणाऱ्याचं काही खरं नसतं. इथे तर सगळ्यांना ती हवी आहे, तिच्यावाचून त्यांचं चालत नाही. म्हणून मी ‘सासोइदासु’ घेते आणि खोटेपणाचा भार आरशाच्या वाक्यावर टाकते.

तेवढ्यानंही काम संपत नाही. ती दारातून जराशी डोकावते तेवढंच. मग ताजिकाराओ हा देव तिचा हात धरून तिला ओढतो. तिथे भुलवणं संपलेलं असतं, म्हणून त्या वाक्याला ‘हिकिदासु’, ओढून काढणं. दोन्ही क्रियापदांच्या शेवटी ‘दासु’ आहे. आधीची नुसती हाक, नंतरचा बाहुबळाचा झटका.