येडगावच्या वाटेवरच्या राहुट्या

मैत्रिणींनो, पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही पुष्कळदा बसला असाल. चाकण, राजगुरुनगर, मंचर मागं पडलं की नारायणगाव येतं. आपण खिडकीतून द्राक्षांचे मांडव नि टोमॅटोचे ढीग बघतो आणि पुढं जातो. या खेपेला मात्र तिथंच उतरा.

जवळच येडगाव आहे. कुकडी नदीवरचं इथलं धरण १९७७ साली पुरं झालं. माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे आणि हे येडगाव अशी कुकडी प्रकल्पाची पाच भावंडं. दशम्या नि चटणी बांधून घ्या, पाण्याच्या कडेला बसून सावकाश खा. पण परतताना नारायणगावात थोडा वेळ राखून ठेवा. आणि जमलं तर ही सहल गुढीपाडव्याच्या सुमारास काढा.

त्या दिवसांत नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाची कचेरीच म्हणा ना! बाहेर फडाच्या नावाचा मोठा फलक, आत फडाचा व्यवस्थापक वही घेऊन बसलेला. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावची पंचमंडळी इथं येतात, तारीख ठरवतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन सुपारी पक्की करतात. आपण लग्नाचं कार्यालय ठरवतो ना, अगदी तस्सं! म्हणून तर नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात.

तुम्ही म्हणाल, ‘अगंबाई, तमाशा? आम्ही बायकांनी?’ माझंही तेच झालं होतं. ढोलकीचा आवाज कानावर आला की घरातली मोठी माणसं खिडकी लावून घेत. सिनेमातली लावणी मात्र आपण सहकुटुंब पाहिली, हळदीकुंकवाला गुणगुणलीसुद्धा. जिच्या पायांतून ती आली, तिच्याकडे बघायचं तेवढं राहून गेलं.

ढोलकीफडाच्या तमाशाची रीत फार जुनी. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा कृष्ण आणि पुरुषानं सोंग घेतलेली ती फटकळ मावशी! त्यानंतर बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वगनाट्य. पूर्वी नाचायलाही पोरेच असत. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभी राहिली आणि बाईचं पाऊल तमाशाच्या बोर्डावर ठसलं.

याच नारायणगावाचं नाव विठाबाईंनी महाराष्ट्रभर नेलं. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा त्यांच्या वडिलांचा नि काकांचा फड. १९३५ साली जन्मलेल्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवाचा मान मिळाला. दिवस भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या, कळा आल्या तशा पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, अशी हकिगत सांगतात. ऐकताना आपण ‘धन्य ती माउली’ म्हणतो. पण आपण बाळंतिणीला सव्वा महिना जपणाऱ्या बायका. आपल्याला दुसरा प्रश्न पडायला नको का? तिला परत का यावं लागलं? तंबूत माणसं बसली होती, फडाची पोटं त्या तिकिटांवर होती. त्याच विठाबाईंचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. २००२ साली त्या वारल्या. पुढं शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला.

आता तुम्हांला पुण्याला घेऊन जाते. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं असेल तरी पुन्हा पाहा. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून हा संग्रह केला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्याला दिलं. वीस हजारांवर वस्तू आहेत, बरं का! आणि त्यांतल्या कितीतरी आपल्याच: दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, फण्या, टाचा घासायच्या वज्री. वाद्यांचंही दालन आहे.

त्या वज्रींपुढं मी बराच वेळ उभी होते. एवढीशी वस्तू, पण कारागिरानं तिच्यावर केवढा जीव लावलाय! ती हाती धरणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठंच नाही. वस्तू उरली, बाई हरवली. तमाशाचं याच्या उलट. विठाबाईंचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यांची ती गिरकी कुठल्या कपाटात ठेवणार? घुंगरं काचेआड ठेवता येतात, त्यांचा ठेका येत नाही. तो एका पायातून दुसऱ्या पायात शिकवावा लागतो, आणि शिकणारीचं पोट त्यावर भरावं लागतं.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा हे फार कडवट रीतीनं कळलं. दोन वर्षं संग्रहालयाला कुलूप राहिलं तरी आतली वज्री होती तशीच राहते. दोन वर्षं सुपारी नाही म्हटल्यावर नाचणारी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. तिच्याबरोबर एखादी जुनी गौळणही जाते, आणि ती पुन्हा परत येईलच असं नाही.

म्हणून सांगते, आपल्याला जमेल तेवढं करू या. आजेसासूबाईंचा करंडा माळ्यावर असेल तर मोडीत घालण्याआधी तो कुणाचा, कुठून आला, हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. आणि जत्रेत तमाशा लागला तर घरच्यांना बरोबर घेऊन, तिकीट काढून बसा. अंगावर शाल असू द्या, गार वारं सुटतं. वग रात्री उशिरापर्यंत चालतो, तेव्हा गणापासूनच बसा. नाच संपला की टाळ्या मनापासून वाजवा. बायकांच्या टाळ्या त्या बाईनं फार थोड्या ऐकल्या आहेत.