निर्हेतुक वाचन

वकिलीची सनद मिळाली आणि आमचे वाचन कामापुरते उरले. ग्रंथ उघडावा तो कलम शोधण्यासाठी, मिटावा ते सापडताच! परवा सवड काढून धर्मानंद कोसंबींचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले ‘निवेदन’ वाचले. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्राने भारावलेला साखवाळचा हा गृहस्थ १८९९ साली ज्ञानार्थ घर सोडून निघाला, सिंहलद्वीपापर्यंत गेला. अक्षरांचे केवढे हे सामर्थ्य!

आम्हांस घर सोडावयाचे नाही. परंतु गुंजीच्या माउलीपुढे आपण नेहमी काही मागण्यासाठीच का उभे राहतो? नुसत्या दर्शनाचेही सुख असतेच. वाचनाचेही तसेच. हल्ली रात्री दाव्यांचे कागद बांधून ठेवल्यावर आम्ही वीस पाने वाचतो. तेवढा वेळ आम्ही कोणाचेही वकील नसतो.