कुंडातला तांडेल

आईच्या गुडघ्यांनी यंदा मला अकलोलीला नेले. डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले होते. आईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि घरी आल्यावर जाहीर केले, की आधी वज्रेश्वरीच्या ऊन पाण्यात आठ दिवस शेकून पाहीन, मग तुमचे ते लोखंड! जूनचा पहिला आठवडा, कॉलेज उघडायला अवकाश. नकार द्यायला मराठीच्या प्राध्यापकाला सबब तरी कुठून सापडणार?

विरारहून एस. टी. शिरसाडवरून वज्रेश्वरीला येते. वसईचा किल्ला १७३९ मध्ये सर झाल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी हे देऊळ उभे राहिले, असे सांगतात; आणि त्याचा तो उंच नगारखाना पाहिला, की देवीपेक्षा आधी किल्लाच आठवतो. तिथून अकलोली हाकेच्या अंतरावर. तानसा नदीच्या काठी शंकराचे देऊळ आणि त्याला लागून ऊन पाण्याची कुंडे. याच नदीवर वरच्या अंगाला बांधलेल्या धरणाचे पाणी मुंबई १८९२ पासून पीत आली आहे. उरलेले वैतरणेला मिळून अर्नाळ्याशेजारी समुद्रात जाते.

हे पाणी राक्षसांच्या रक्तामुळे तापले, असे इथले पुजारी सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञांचे म्हणणे निराळे. इथे जागता ज्वालामुखी नाही; पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. पालघरपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची एक रांगच आहे. आईला दोन्ही कारणे सारखीच पटली. ती पदर खोचून पायरीवर बसली आणि तिने पाय पाण्यात सोडले.

मी मात्र अंगठा बुडवून तीनदा मागे घेतला. तेवढ्यात कुंडात गळ्यापर्यंत बसलेले एक काळेसावळे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, अंगठ्याने नाही व्हायचं. एकदम बसा."

मी मास्तर आहे हे त्यांना कसे कळले, हे मी विचारले नाही. बहुधा अंगठ्यावरूनच कळले असावे.

गृहस्थ अर्नाळ्याचे तांडेल निघाले. वय पासष्टीच्या पुढे. दरवर्षी १ जूनला मासेमारीची बंदी सुरू झाली, होडी किनाऱ्यावर ओढली, की आठवडाभर अंग शेकायला इथे यायचे, हा त्यांचा नेम. पण यंदा त्यांचे चित्त पाण्यात नव्हते. कुंडाच्या काठावर, टॉवेलाच्या घडीवर त्यांनी मोबाइल ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी ते त्याच्याकडे पाहत होते.

"घरी कोणी आजारी आहे का?" मी विचारले.

"इंजिन," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळे कळले. होडी लाकडाची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. मुळात शिडाची. पुढे किनाऱ्यावर यंत्रे आली तेव्हा तिच्यात डिझेलचे इंजिन बसले. आताचे इंजिन हे दुसरे. तेही वीस-बावीस वर्षे चाललेले. गेल्या हंगामात ते निळा धूर सोडू लागले. "काळा धूर म्हणजे बोजा जास्त, नाही तर नोझल बिघडलेलं. निळा म्हणजे ते तेल खातं. रिंगा झिजल्या." मुलाचे म्हणणे, नवे घ्या. तांडेलांचे म्हणणे, लायनर, पिस्टन, बेअरिंगे बदलून हेच पुन्हा बांधू. घरात दोन महिने हाच वाद. शेवटी फिटर म्हणाला, भांडता कशाला? उघडून मापे घेऊ. ती मापे आज यायची होती.

डिझेल हे एका माणसाचे नाव, एवढीच माझी या विषयातली पुंजी. ती मी लगेच खर्च केली. रूडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत नीट चालले. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तसले एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. आणि १९१३ मध्ये खुद्द डिझेल इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्री नाहीसा झाला. तांडेलांना भुईमुगाचे नवल वाटले नाही. "बोटीवरून?" एवढेच ते म्हणाले आणि क्षणभर गप्प राहिले.

"नवं इंजिन म्हणजे नुसतं इंजिन नाही, मास्तर," ते पुढे म्हणाले. "जुनं जड आणि सावकाश फिरणारं. नवं हलकं, पण फेरे जास्त. म्हणजे गिअर वेगळा, पंखा वेगळा, खालची बैठक नवी. मागचं वजन कमी झालं, की होडी नाकावर बसते. शाफ्ट केसभर वाकडा लागला तर सगळं अंग थरथरतं."

"मग जुनेच बांधलेले बरे," मी निकाल दिला. आमच्या धंद्यात निकाल लवकर लावायची सवय असते.

"ब्लॉक धड असेल तर! खारं पाणी आतून खातं. ब्लॉकला चीर असली, की वर कितीही नवं घाला, पैसा पाण्यात. क्रँकचंही तसंच. एकदा-दोनदा घासता येतो, मग संपलं."

पायरीवरून आई म्हणाली, "आधी हाड बघायचं. मलाही डॉक्टर तेच म्हणाले."

फोन वाजला. तांडेलांनी हात पुसून तो उचलला आणि मोठ्याने बोलणारा केला. पलीकडून मुलगा सांगत होता : ब्लॉकला चीर नाही. क्रँक अजून एकदा घासता येईल. फिटर म्हणतो, इंजिन बांधता येते. खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी. "तुमचंच खरं झालं, बाबा," शेवटी तो म्हणाला. आवाज पडलेला होता.

मला वाटले, आता म्हातारा हसेल. ते हसले नाहीत.

"गेल्या माघात," फोन कानापासून दूर धरून ते माझ्याशी बोलू लागले, "वैतरणेच्या तोंडावर हे बंद पडलं. ओहोटी बाहेर ओढतेय, वारा समोरून. मी शीड चढवलं, आडवंतिडवं करत बाहेरच्या बाहेर भरतीची वाट पाहिली आणि मग आत आलो. पोरगा आणि तीन खलाशी बघत राहिले. एकालाही दोर कुठला ओढायचा ते ठाऊक नव्हतं. मी शिकवलंच नाही. इंजिन होतं ना!" पाण्यावर त्यांनी तळहात फिरवला. "यंदापासून मी जाणार नाही. गुडघे नाही म्हणतात. बांधलेलं इंजिन माझ्यासारख्याला चालतं. बंद पडलं तरी मी घरी येतो. तो कसा येईल?"

त्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

"नवं घे," ते म्हणाले.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. "पण बाबा, फिटर तर म्हणतो—"

"ऐकलं मी. नवंच घे. सोसायटीच्या कर्जाचं मी आल्यावर बघतो. जुनं मोडीत देऊ नको, बांधून विकू, गिऱ्हाईक मिळेल. आणि डोलकाठी काढायची नाही. बंदीचे दोन महिने आहेत. मी आलो, की खाडीतल्या खाडीत रोज शीड चढवायचं, चौघांनी."

"पावसात?"

"नाही तर काय उन्हात?"

फोन बंद झाला. तांडेल पुन्हा गळ्यापर्यंत बुडाले. आकाश भरून आले होते आणि पहिले टपोरे थेंब ऊन पाण्यावर पडू लागले. मी आईला हात देऊन उठवले. ती दोन पायऱ्या चढली, थांबली, गुडघा चाचपला आणि म्हणाली, "त्या डॉक्टरांचा नंबर आहे ना रे तुझ्याकडे?"