तलावाकाठच्या सुट्टीवर हक्क कुणाचा?

आपल्या चळवळीत पाण्याचा विषय निघाला की आपण महाडला पोहोचतो, आणि ते योग्यच आहे. पण महाडबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा तहानेबद्दल बोलतो. बाबासाहेब मात्र तहानेवर थांबले नव्हते. 25 डिसेंबर 1927 च्या परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितले होते की, चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही म्हणून आपण काही आजवर मेलो नाही. तळ्यावर जायचे ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी.

हा मुद्दा एक पाऊल पुढे नेऊ. माणूस पाण्याकाठी फक्त पाणी प्यायला जातो का? तो पोहतो, गळ टाकून बसतो, बायकामुलांसोबत डबा खातो, कधी कधी काहीच न करता नुसता बसतो. त्या नुसत्या बसण्यावर हक्क कुणाचा? विहिरीवर रांगेत उभे राहण्याचा हक्क आपण झगडून मिळवला. पण मजेत पाण्यात उडी मारण्याचा हक्क?

मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका तलावाकाठी या प्रश्नाने मला पुन्हा गाठले. माझी पुतणी चॅटनूगा शहरात नोकरी करते. एका रविवारी ती म्हणाली, “काका, चला, आज तुम्हाला तलावावर नेते. डबा घेऊन जाऊ.” गावापासून गाडीने थोड्याच अंतरावर चिकमॉगा तलाव आहे. तलाव म्हणजे टेनेसी नदीवर 1940 साली पूर्ण झालेल्या धरणाचा जलाशय. त्याच्या काठी 353 एकरांचे एक राज्य उद्यान आहे. आत जायला आम्हाला तिकीट पडले नाही. झाडाखाली लाकडी टेबले, मांस भाजायच्या शेगड्या, मुलांची खेळणी, होड्या पाण्यात सोडायचा उतार, मासे धरायला जागा, रानातून जाणाऱ्या सायकलींच्या वाटा, मोठ्या कुटुंबांना एकत्र राहायला लॉज आणि उन्हाळ्यात चालणारा पोहण्याचा तलाव. काळी कुटुंबे होती, गोरी होती, स्पॅनिश बोलणारी होती. आम्ही भाकरी, पिठले आणि ठेचा काढला तेव्हा कुणी वळूनही पाहिले नाही.

उद्यानाचे नाव मात्र मला टेबलावर बसू देईना. बुकर टी. वॉशिंग्टन राज्य उद्यान! 1856 साली व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे अलाबामात टस्कीगीची संस्था उभारणारा हा माणूस. टेनेसीतल्या तलावाला त्याचे नाव कसे? मी फलक वाचत राहिलो. पुतणी म्हणाली, “काका, जेवण थंड होतंय, इतिहास कुठे पळून जात नाही.” तिचे म्हणणे खरे होते. इतिहास तिथेच होता, आम्ही बसलो होतो त्या जागेत.

वर्णभेदाच्या काळात टेनेसीने काळ्या लोकांसाठी दोन राज्य उद्याने वेगळी काढली होती. एक मेम्फिसजवळचे टी. ओ. फुलर, दुसरे हे. इथल्या सुरुवातीच्या बांधकामात सरकारी रोजगार योजनेतल्या काळ्या तरुणांच्या वेगळ्या तुकडीचे हात लागले आहेत. म्हणजे उद्यान वेगळे आणि ते बांधणारे मजूरही वेगळे. गोऱ्यांना त्याच तलावावर हॅरिसन बे हे उद्यान होते, सुमारे 1,200 एकरांचे. पाणी एकच, काठ दोन. गावात एकच नदी असते, पण वरच्या अंगाला कुणाचा घाट आणि खालच्या अंगाला कुणाचा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. हा जलाशय भरला तेव्हा जुने हॅरिसन गाव पाण्याखाली गेले. त्याच्याही आधी, 1838 साली, या भागातून चेरोकी आदिवासींना बंदुकीच्या धाकाने हाकलून दिले होते. आज आपण ज्याला निसर्गरम्य म्हणतो, त्या प्रत्येक तलावाच्या तळाशी कुणाचे तरी घर असते. धरणग्रस्तांच्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको.

काठावर एक वयस्क काळे गृहस्थ गळ टाकून बसले होते. पुतणीने त्यांच्याशी बोलणे काढले. त्यांच्या उच्चारांतले निम्मे मला कळत नव्हते, ती समजावून सांगत होती. लहानपणी ते चर्चच्या सहलीबरोबर इथे यायचे. खूप मजा यायची, ते म्हणाले. गाणी, तळलेली कोंबडी, दिवसभर पाण्यात. पलीकडच्या काठाला काय आहे, असे त्यांनी एकदा वडिलांना विचारले. वडील म्हणाले, “तिकडे आपलं काही काम नाही.” एवढे सांगून ते पुन्हा पाण्याकडे बघू लागले.

वेगळे ठेवलेल्या जागेतही माणसे आनंदाने जगतात. आपल्या वस्त्यांतही लग्ने वाजतगाजत झाली, भीमगीते रात्रभर चालली, मुले हसली-खेळली. पण त्या आनंदाचे श्रेय माणसांचे आहे, त्यांना वेगळे ठेवणाऱ्या व्यवस्थेचे नाही. “तुमचे तुम्हाला दिले होते ना, मग तक्रार कशाची?” असे विचारणाऱ्यांना हाच जवाब आहे. ज्या काठाबद्दल बापाला लेकराला “तिकडे आपलं काम नाही” असे सांगावे लागते, तिथे 353 एकर दिले काय आणि 3,000 दिले काय, न्याय होत नाही.

या उद्यानाला वॉशिंग्टनचे नाव देण्यातही एक राजकारण आहे. 1895 च्या अटलांटातल्या भाषणात त्याने सामाजिक व्यवहारात काळे-गोरे हाताच्या बोटांसारखे वेगळे राहू शकतात, प्रगतीच्या कामी मात्र एक हात होऊ शकतात, अशी मांडणी केली होती. गोऱ्या सत्तेला ही मांडणी सोयीची वाटली. पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. वॉशिंग्टनचे शिक्षणातले काम मोठे आहे, ते मी कमी लेखत नाही. 1915 साली तो वारला तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पण परत येऊन त्यांनी बोटे वेगळी ठेवण्याची वाट धरली नाही. महाडमध्ये त्यांनी वेगळे तळे मागितले नाही. नगरपालिकेच्या मालकीचे, सर्वांचे तळे मागितले. सीताराम केशव बोले यांचा 1923 चा ठराव होता, महाड नगरपालिकेचा 1924 चा ठराव होता. कागद तयार होते, पाय टाकायचा होता. 20 मार्च 1927 ला तो टाकला.

त्यानंतर काय झाले? गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या 108 घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 उजाडले.

आता अमेरिकेतला शुद्धीकरणाचा प्रकार बघा. न्यायालये वर्णभेद मोडू लागली तेव्हा अलाबामातल्या माँटगोमेरी शहराने 1959 साली आपली सगळी उद्याने बंद केली आणि पोहण्याचा तलाव मातीने बुजवला. साउथ कॅरोलायनाने 1963 साली राज्यातली सगळी राज्य उद्याने बंद केली. पुढच्या वर्षी उघडली तेव्हाही पोहणे बंदच ठेवले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने पोहण्याचे तलाव बंद केले आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते चालवून घेतले. आपल्याकडे पाणी बाटले म्हणून शुद्ध करून घेतले, तिकडे पाणीच नष्ट केले. स्वतःच्या लेकरांना पोहायला मिळाले नाही तरी चालेल, पण काळ्या लेकरासोबत एका पाण्यात नको! द्वेष माणसाला स्वतःचेही नुकसान करायला लावतो, याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

बाकावर शेजारी बसणे एकवेळ सहन होते, पण पाण्यात नाही. का? कारण पाणी एका अंगावरून दुसऱ्या अंगाकडे जाते. वर्णद्वेष आणि जातिद्वेष दोघांनाही सर्वात जास्त भीती या स्पर्शाची वाटते. 27 जुलै 1919 ला शिकागोत मिशिगन सरोवरात तराफ्यावर खेळणारा 17 वर्षांचा यूजीन विल्यम्स न दिसणारी सीमा ओलांडून गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला. काठावरून दगड आले, तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत 38 माणसे मेली. पाण्यावर रेघ कुणालाच ओढता येत नाही, तरी त्या रेघेने जीव घेतला.

हे सगळे जुने आहे, असे म्हणणाऱ्यांनी जून 2018 आठवावा. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात वाकडी गावात विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना नग्न करून मारले गेले आणि त्याचे चित्रीकरण पसरले. ती मुले तहानलेली नव्हती. त्यांना उन्हात पोहायचे होते. गुन्हा काय, तर मजा केली! आपल्या मुलांची मजासुद्धा या व्यवस्थेला आगळीक वाटते. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उतरू दिले नाही की पुढची पिढी पोहायला शिकत नाही. अमेरिकेत आजही बुडून मरणाऱ्यांत काळ्या मुलांचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे. बंदीचा फलक निघून गेला तरी बंदीचा परिणाम शरीरात राहतो.

काही कार्यकर्ते विचारतील, घरकुल नाही, शिष्यवृत्ती वेळेवर नाही, आणि तुम्ही सहलीच्या गप्पा काय मारता? त्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत. ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या 1945 च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना ते फुरसतीचा मुद्दा मांडतात. माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवायचे आणि संस्कृतीचे जीवन द्यायचे तर त्याला फुरसत हवी, आणि त्यासाठी यंत्र हवे. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असताना 1945 साली पगारी सुट्टीची तरतूद झाली आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. माझे वडील नागपूरच्या गिरणीत होते. रविवारी ते आम्हा भावंडांना अंबाझरी तलावावर न्यायचे, मुरमुरे-फुटाण्यांचा पुडा घेऊन. त्या रविवारामागे कायदा होता आणि कायद्यामागे कोण होते, हे त्यांना पक्के माहीत होते.

संविधानातही हे आहे. कलम 15(2) नुसते विहिरी आणि तलावांची नावे घेऊन थांबत नाही; सार्वजनिक करमणुकीच्या जागा, स्नानघाट, लोकांच्या वावराच्या जागा यांचाही त्यात उल्लेख आहे. कलम 43 कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, असे राज्याला सांगते. म्हणजे करमणूक ही पोट भरल्यावरची चैन नाही. समतेच्या यादीत तिचे नाव लिहिलेले आहे.

म्हणूनच अंबाझरीचा प्रश्न फक्त एका इमारतीचा नव्हता. त्या तलावाकाठच्या उद्यानात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. 2021 मध्ये, कोरोनाच्या काळात लोक घरात कोंडलेले असताना, ते पाडले गेले. उद्यानाची जागा मनोरंजन पार्क विकसित करायला खासगी कंपनीकडे गेली होती. आंबेडकरी समाज रस्त्यावर उतरला, आपल्या आयाबहिणींनी दीर्घकाळ धरणे धरले. त्यांच्या लढ्यात स्मारकाचा स्वाभिमान होता, आणि तलावाकाठ लोकांचा राहणार की तिकीटवाल्यांचा, हा सवालही होता. आज फलकावर जात लिहिता येत नाही. मग दर लिहिला जातो. चार माणसांच्या कुटुंबाला एका रविवारी मजुराची दिवसाची मजुरी मोजावी लागली, तर तो दरही गोऱ्यांच्या काठासारखेच काम करतो.

अमेरिकेतली ती उद्याने आपोआप खुली झाली नाहीत. फेब्रुवारी 1960 मध्ये चॅटनूगातल्या हॉवर्ड हायस्कूलची काळी मुले गोऱ्यांच्या खानावळींत जाऊन बसली, मिसिसिपीत बिलॉक्सीच्या किनाऱ्यावर लोक मार खात समुद्रात उतरले, तेव्हा कुठे 1964 चा नागरी हक्क कायदा आला. हक्क वापरला नाही तर तो कागदावर झोपतो.

तेव्हा आपल्या गावातल्या, शहरातल्या तलावाची चौकशी करा. जागा कुणाच्या मालकीची आहे, कुणाला किती वर्षांच्या कराराने दिली आहे, तिकीट कुणी ठरवले, हे माहितीच्या अधिकारात मागा. महापालिकेच्या पोहण्याच्या तलावात वस्तीतल्या मुलामुलींना सवलतीत प्रवेश आहे का, ते विचारा. नसेल तर मोर्चा काढा. जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून वस्तीतल्या पोरींना पोहायला शिकवा. आणि येत्या 20 मार्चला अभिवादन झाल्यावर घरी बसू नका. डबा बांधा, लेकरे घ्या, जवळच्या तलावावर जा आणि काठावरची सगळ्यात चांगली जागा बघून निवांत बसा.

जय भीम!